धुक्याचें पाणी

जेथें वर्षानुवर्षें पावसाचा थेंब पडत नाहीं, तेथल्याच डोंगरमाथ्यावर ढग येऊन टेकावेत, ही निसर्गाची थट्टा उत्तर चिलीच्या किनाऱ्यावर नित्य चालते. पॅसिफिक महासागरांतील थंड प्रवाहावर हवा निवते, दाट धुकें बनतें आणि वाऱ्याबरोबर डोंगर चढतें. तेथील लोक त्यास ‘कामांचाका’ म्हणतात. त्यांतील जलकण इतके सूक्ष्म कीं ते आपण होऊन खालीं पडत नाहींत. वाटेंत कांहीं आडवें आलें तरच त्यास चिकटतात. सकाळीं कोळ्याच्या जाळ्यावर लोंबणारे थेंब आपण सर्वांनींच पाहिले आहेत.

कॅनरी बेटांपैकीं एल इएरो येथें गारोए नांवाचा वृक्ष पानांनीं धुकें गाळून रहिवाशांस पाणी देई. १६१० सालीं तो वादळांत उन्मळून पडला. वृक्षाचें हें काम जाळ्याकडून करून घ्यावें, हा विचार आंतोफागास्ता येथील प्राध्यापक कार्लोस एस्पिनोसा यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास उचलला. पुढें भूगोलाच्या प्राध्यापिका पिलार सेरेसेदा आणि कॅनडाचे शास्त्रज्ञ रॉबर्ट शेमेनॉवर यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ पासून एल तोफोच्या डोंगरावर मोठीं जाळीं उभारलीं. प्रत्येक जाळें सुमारें ४८ चौरस मीटरांचें. एका चौरस मीटरामागें दिवसाला सरासरी तीन लिटर पाणी मिळे. धुकें नसेल त्या दिवशीं कांहींच नाहीं.

पायथ्याशीं चुंगुंगो हें सुमारें ३३० वस्तीचें कोळ्यांचें गांव. टँकरनें येणारें पाणी माणशीं रोज १४ लिटर. तेंही महाग आणि बेभरंवशाचें. १९९२ सालीं डोंगरावरून नळ आला आणि हा वांटा ३३ लिटरांवर गेला. परसांत भाजीपाला पिकूं लागला. गांवाचा लौकिक जगभर पसरला.

परंतु पाण्यापाठोपाठ वस्तीही वाढली, आणि तेंच पाणी अपुरें पडूं लागलें. वाऱ्यानें जाळीं फाटत. तीं शिवावयाचीं कोणीं आणि खर्च द्यावयाचा कोणीं, हें कधींच पक्कें ठरलें नाहीं. शास्त्रज्ञ परतले होते. गांवकऱ्यांना शहरासारखा नळ हवा होता. त्यांना दोष देणें मला अन्यायाचें वाटतें. आकाशाकडे पाहून घागर भरण्याची हौस शहरांत तरी कोणास असते? या शतकाच्या आरंभीं टँकर पुन्हां गांवांत आला.

शोध मात्र थांबला नव्हता. २०१३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंतील संशोधक विद्यार्थ्यांनीं आपल्या प्राध्यापकांसह, चिलींतील संशोधकांच्या साहाय्यानें, जाळ्याच्या धाग्याचीच जाडी तपासली. प्रचलित जाळें धुक्यांतील पाण्यापैकीं अवघें दोन टक्के पकडतें. बारीक तार, योग्य अंतर आणि थेंब लवकर निसटावा असा लेप यांनीं तें प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत नेतां येतें, असें त्यांना आढळलें. चुंगुंगोला तोंवर टँकरचें पाणी पितांना दहाएक वर्षें लोटलीं होतीं.