वाकले म्हणजे आपटले नव्हे

टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगू लागला, की आपण आधी टेबलाचा पाय पाहतो. मीही पाहिला, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि कामाला बसलो. चार दिवसांनी टचपॅड दबेनासा झाला, झाकण मिटल्यावर पुढच्या बाजूला फट दिसू लागली, तेव्हा कळले की वाकडे होते ते टेबल नव्हेच. खरेदीला अकरा महिने झाले होते. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला : ‘‘सर, फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटीत नाही बसणार.’’ त्याने तो उघडलाही नव्हता.

त्या मुलाचे मला फारसे नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढचे. घरी, ऑफिसात, सकाळच्या चहाच्या टपरीवर ज्याला ज्याला ही हकीकत सांगितली, त्याने त्याने त्या मुलाचीच बाजू घेतली. ‘सॅकमध्ये दाबला गेला असेल.’ ‘कधीतरी पडला असेल, तुझ्या लक्षात नसेल.’ एवढ्या लोकांचे एकमत असेल तर त्याचा समाचार घ्यायलाच हवा. आणि खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडावा, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे.

पूर्वपक्ष असा : धातूची किंवा प्लास्टिकची कवची आपोआप वाकत नाही, बाहेरून जोर लागल्याखेरीज आकार बदलत नाही. जोर लागला म्हणजे वापरणाऱ्याच्या हातून काही झाले. वॉरंटी कारखान्यातल्या दोषासाठी असते, ग्राहकाच्या निष्काळजीपणासाठी नव्हे. लॅपटॉप पाडून ‘आपोआप झाले’ म्हणणारे ग्राहकही कमी नाहीत. कंपनीने प्रत्येकाचे ऐकले तर धंदाच बसेल. शिवाय वॉरंटीच्या अटी कंपनीच्या, तेव्हा त्यांचा अर्थही कंपनीच लावणार. या मांडणीत काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण तिचा पायाच डुगडुगता आहे.

न्यायशास्त्रात अनुमानाचे प्रसिद्ध उदाहरण आहे : पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. हे टिकते, कारण अग्नीवाचून धूर कुठे आढळत नाही. उलट ‘अग्नी आहे, म्हणून धूर आहे’ हे टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. जो हेतू, म्हणजे पुढे केलेले कारण, साध्य (सिद्ध करायची गोष्ट) असतानाही आढळतो आणि नसतानाही, त्याला गौतमाच्या न्यायसूत्रांनी ‘सव्यभिचार’ म्हटले आणि हेत्वाभासांच्या, म्हणजे फसव्या कारणांच्या, यादीत पहिला बसवला. ‘वाकला आहे, म्हणून आपटला आहे’ हे अनुमान नेमके या जातीचे आहे. न आपटता वाकलेला लॅपटॉप दाखवता आला की ते कोसळते. आणि तसे लॅपटॉप दाखवण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरीचे चपटे सेल असतात. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या पातळ थरांची बंद पिशवी, तिच्यात इलेक्ट्रोडचे पापुद्रे आणि सेंद्रिय द्रावकातला इलेक्ट्रोलाइट, अशी त्यांची रचना. सेल पूर्ण भरलेला, म्हणजे साधारण ४.२ व्होल्टच्या आसपास असेल आणि त्यात उष्णतेची भर पडली, तर इलेक्ट्रोलाइटचे विघटन वेग घेते. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, एथिलीन असे वायू तयार होतात. पिशवी बंद असल्याने वायूला वाट नसते, ती फुगते. बऱ्याच मॉडेलांत बॅटरी तळव्यांच्या टेकणाखाली असते. म्हणून आधी टचपॅड अडतो, मग तळाचे झाकण पोट सुटल्यासारखे होते आणि शेवटी सारी कवची तिरपी होते. जोर लागलेला असतोच. फक्त तो आतून लागलेला असतो.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असे नाही. एप्रिल २०१८ मध्ये ॲपलने आपल्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या काही नगांबाबत स्वतःच जाहीर केले की एक घटक निकामी होऊन आतली बॅटरी फुगू शकते, आणि ती विनामूल्य बदलून देऊ केली. ते नग ऑक्टोबर २०१६ ते ऑक्टोबर २०१७ या काळात तयार झालेले होते. म्हणजे बाहेरून कुणीही हात न लावता लॅपटॉप फुगतो, याची कबुली खुद्द बनवणाऱ्यानेच दिलेली आहे.

दुसरे उदाहरण बिजागरीचे. प्लास्टिकच्या कवचीत पितळेचे छोटे नट तापवून बसवलेले असतात आणि त्यांत बिजागरीचे स्क्रू आवळतात. बिजागरी घट्ट होत गेली, की झाकण उघडताना दर वेळी तो ताण त्या नटांवर येतो. एक दिवस ते प्लास्टिकसकट उखडतात आणि मागचा कोपरा उकलतो. पाहणाऱ्याला वाटते, कोपऱ्यावर आपटला. वास्तविक मालकाने लॅपटॉप नुसता उघडलेला असतो. आणि उघडणे हा दुरुपयोग ठरत असेल, तर लॅपटॉप विकत घेणे हाही ठरेल.

मग खरोखर आपटलेला लॅपटॉप ओळखायचा कसा? त्यालाही खुणा असतात. पडल्यावर कोपरा आत चेपतो, रंग खरवडतो, तडे आघाताच्या जागेपासून पसरतात. फुगलेल्या बॅटरीचा फुगवटा बाहेरच्या दिशेला असतो, बरोबर बॅटरीच्या जागी. कडा मात्र स्वच्छ असतात. बिजागरीचा दोष मागच्या कोपऱ्यातल्या उखडलेल्या नटांत सापडतो. तिन्हींत फरक करायला प्रयोगशाळा लागत नाही. तळाचे स्क्रू काढून पाहावे लागते, एवढेच. जो निकाल स्क्रू काढण्याआधी दिला जातो, तो तपासणीतून आलेला नसतो.

‘फिजिकल डॅमेज’ या शिक्क्याचाही विचार करू. या शब्दांचा अर्थ फक्त ‘वस्तूच्या शरीराला इजा झाली’ एवढाच. इजा कुणामुळे, हे त्यात नाही. वॉरंटीतून सहसा वगळलेले असतात ते अपघात, गैरवापर, बाहेरचे कारण. ‘इजा’ हा परिणाम वगळलेला नसतो. तरीही ग्राहकाची चूक सिद्ध करायला ‘फिजिकल डॅमेज’ हेच कारण पुढे केले जाते, आणि ते फिजिकल डॅमेज का, तर ग्राहकाची चूक म्हणून. जो हेतू स्वतःच सिद्ध व्हायचा आहे, त्याला न्यायसूत्रे ‘साध्यसम’ म्हणतात. काउंटरवर मात्र त्याचा रबरी शिक्का करून ठेवलेला असतो.

वॉरंटीचा कागद हाच सगळा कायदा, ही समजूतही तपासून घ्यावी लागेल. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली ‘दोष’ची व्याख्या पाहा : गुणवत्तेतली किंवा दर्जातली उणीव, आणि तो दर्जा कायद्याने ठरलेला असेल, विक्रेत्याने सांगितलेला असेल किंवा व्यक्त वा अध्याहृत कराराने अपेक्षित असेल. ‘अध्याहृत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६नेही विक्रेत्यावर मालाच्या दर्जाची अध्याहृत जबाबदारी टाकली आहे. बंद कवचीतला सेल दुकानात कोणालाच तपासता येत नाही, तेव्हा ‘तुम्ही बघूनच घेतला होता’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

‘बाहेर उघडला की वॉरंटी गेली’ या म्हणण्याबद्दल माझे मत थोडे सबुरीचे आहे. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने अशा सरसकट अटींना आळा घातला; आपल्याकडे इतके नेमके कलम नाही. पण २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांच्या प्रकरणात दिलेला आदेश वाचण्याजोगा आहे. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असे आयोगाने बजावले. तो आदेश मोटारींचा होता आणि त्यावर पुढे अपिलेही झाली. तरी त्यामागचे तत्त्व मला हवे तेच आहे : कारण दाखवा, मग नाकारा. वॉरंटी चालू असेपर्यंत मी स्वतः लॅपटॉप उघडणार नाही. पण ते पुरावा शाबूत राहावा म्हणून, सीलच्या धाकाने नव्हे.

आता प्रतिपक्षाचे जे खरे, ते मान्य करतो. बॅटरी झिजणारी वस्तू आहे. तीन वर्षांनी ती कमी वेळ चालली तर तो दोष नव्हे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप विसरणाऱ्याने सगळे खापर कंपनीवर फोडू नये. आणि दोष आहे हे दाखवण्याची पहिली जबाबदारी कायद्यानेही तक्रारदारावरच आहे. म्हणूनच ‘दाबून बसव’, ‘सुईने हवा काढ’ हे घरगुती सल्ले दुहेरी घातक आहेत. आतला वायू आणि द्रावक पेट घेऊ शकतात. टोचल्यावर आतले थर एकमेकांना भिडून आग लागू शकते. आणि वाचलात तरी पुरावा गेलेला असतो. फुगवटा दिसला की लॅपटॉप बंद करावा, चार्जिंगला लावू नये, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा, आणि चारही कडांचे फोटो त्याच दिवशी काढावेत.

मग काउंटरवर भांडू नये. एकच मागावे : ‘कारण लेखी द्या.’ उघडून काय दिसले, कोणत्या खुणेवरून बाहेरचा आघात ठरवला आणि कोणत्या अटीखाली नकार दिला, हे जॉब शीटवर लिहून मागावे. ते मिळाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तपासणीवाचून दोष ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार कलम ३८ने आयोगाला दिला आहे. कायद्यालाही वस्तू उघडून पाहावीशी वाटते, हे काउंटरने लक्षात घ्यायला हरकत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर, मी आवाज न चढवता कारण लेखी मागितले. मुलगा आत गेला आणि त्याच्या वरिष्ठांना घेऊन आला. त्यांनी माझ्यासमोर तळाचे स्क्रू काढले. शेवटचा स्क्रू निघताच झाकण आपोआप वर आले आणि दोघेही एक पाऊल मागे सरकले. जॉब शीटवर ‘कारण’ असा रकानाच नव्हता. मुलाने ‘फिजिकल डॅमेज’वर काट मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहिले : बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, टेबलावर ठेवला, आणि पुन्हा डुगडुगला. पायाखालचा पुठ्ठा काढायचा राहिला होता.