धोरणातला शेतकरी

जोतीराव फुले यांच्या १८८३ सालच्या ग्रंथाच्या नावात शेती नाही, शेतकरी आहे. 'शेतकऱ्याचा असूड' वर्गात शिकवताना आम्ही या शब्दापाशी नेहमी थबकतो. कारण स्वतंत्र भारताच्या कृषिधोरणाला तो सापडायला बराच काळ लागला. १९६५-६६च्या दुष्काळानंतर सुधारित बियाणे, रासायनिक खते व हमीभाव यांच्या आधारे हरितक्रांती घडली. प्रश्न धान्याचा होता आणि उत्तरही धान्याचेच मिळाले. २००० सालच्या 'राष्ट्रीय कृषी धोरणा'नेही वार्षिक चार टक्क्यांहून अधिक वाढ हेच उद्दिष्ट ठेवले. पुढे स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या शिफारशींनंतर २००७ साली 'राष्ट्रीय शेतकरी धोरण' आले. त्याच्या व्याख्येत कूळ, वाटेकरी, शेतमजूर, पशुपालक हे सारेच शेतकरी ठरले. परंतु २०१९च्या पीएम-किसान योजनेने पात्रता ठरवली ती जमिनीच्या मालकीवरून. सातबाऱ्यावर नाव नसलेला वाटेकरी व्याख्येत आला, पण त्या मदतीपासून वंचितच राहिला. फुल्यांना अभिप्रेत असलेला शेतकरी नेमका कोण, हा प्रश्न म्हणूनच केवळ साहित्याच्या तासापुरता उरत नाही, असे आम्हांस वाटते.