हेक्युबाची आई कोण?

रोमचा बादशहा टायबेरिअस याला ग्रीक विद्येंत मुरलेल्या पंडितांची संगत फार प्रिय असे, आणि त्यांना पेंचांत धरण्याची त्याला तितकीच हौस होती. तो त्यांना विचारी : हेक्युबाची आई कोण? मुलींच्या वेषांत लपलेल्या अकिलीझला त्या मुली कोणत्या नांवानें हांक मारीत? सायरेन गात, तें गाणें कोणतें? सुएटोनिअस या चरित्रकारानें ही हकीकत बादशहाचा पोरकटपणा दाखविण्यासाठीं दिली आहे. श्रोतेहो, आपणांसही हंसूं येईल. पण यांतला पहिला प्रश्न तितका पोरकट होता, असें मला वाटत नाहीं.

हेक्युबा म्हणजे ट्रॉयच्या प्रायम राजाची राणी. तिचा बाप होमरच्या मतें फ्रिजिआंतला डायमास. युरिपिडीझच्या मतें सिसिअस. आणि आणखी कांहींच्या मतें ती सांगारिअस नदाची मुलगी, व तिची आई मेटोपी. बाप बदलला कीं राणीचें माहेर बदलतें, आणि माहेर बदललें कीं ट्रॉयच्या राजघराण्याची सोयरीक भलत्याच कुळाशीं जुळते. ग्रीक वंशावळींत ज्या असंख्य स्त्रिया एकेका ओळीपुरत्या येतात आणि जातात, त्या अशा सांध्यावरच्या स्त्रिया आहेत. हेसिअडच्या नांवावर 'स्त्रियांची नामावळी' म्हणून पांच सर्गांचें एक काव्य प्राचीन काळीं प्रसिद्ध होतें. (बहुतेक विद्वान तें त्याचें मानीत नाहींत.) सबंध काव्य नष्ट झालें. इजिप्तच्या वाळूंत सांपडलेल्या पपायरसच्या चिंध्या आणि इतर ग्रंथकारांनीं घेतलेले उतारे यांवरून त्याचे तुकडे जुळवावे लागले. मेर्केलबाख आणि वेस्ट यांनीं १९६७ सालीं ते एकत्र छापले. वीरांच्या कुळांचा आरंभ तेथें एखाद्या स्त्रीपासून होतो खरा. पण कुळ एकदां मार्गी लागलें कीं ती मागें पडते.

अशा एका नांवावर कधीं कधीं केवढें ओझें असतें, हें पाहण्यासाठीं आपण थीब्झ नगरींत जाऊं.

ईडिपसनें अजाणतां बापाला मारलें आणि आई जोकास्टा हिच्याशीं लग्न केलें, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याचीं चार मुलें, म्हणजे एटिओक्लीझ, पॉलिनायसीझ, अँटिगनी आणि इस्मेनी, हीं त्या आईच्याच पोटचीं, असें सॉफोक्लीझच्या नाटकांमुळें आपण धरून चालतों. कथेचें दुसरें एक जुनें रूप होतें. होमरच्या 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गांत या आईचें नांव एपिकास्टी आहे. तिचें मुलाशीं लग्न झालें, देवांनीं तें लौकरच उघड केलें, आणि तिनें गळफांस घेतला, असें तो सांगतो. तिला या लग्नापासून मुलें झाल्याचा उल्लेख नाहीं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ग्रीस देश पायाखालीं घातलेला पॉसेनिअस हा प्रवासी त्या 'लौकरच' शब्दावर नेमकें बोट ठेवतो. लौकर उघड झालें, तर चार मुलें कधीं झालीं? तेव्हां तीं दुसऱ्या बायकोचीं, हायपरफासची मुलगी युरिगेनिआ हिचीं. 'ईडिपोडिआ' नांवाच्या जुन्या महाकाव्याचाही तो यास आधार देतो. एका क्रियाविशेषणावरून चार मुलांची आई ठरविणारा हा गृहस्थ मला एखाद्या कसलेल्या वकिलासारखा वाटतो.

हा वाद केवळ पंडितांपुरता नव्हता. इ. स. पू. ४७६ सालीं सिसिलींतील आक्रागासचा अधिपति थेरॉन यानें ऑलिंपिआ येथें रथांची शर्यत जिंकली. पिंडरनें त्याच्यासाठीं रचलेल्या विजयगीतांत त्याचें कुळ पॉलिनायसीझचा मुलगा थर्सांडर याच्यापर्यंत नेऊन भिडविलें आहे. स्पार्टाचीं दोन्ही राजघराणींही, हिरोडोटसच्या सांगण्याप्रमाणें, मातेच्या बाजूनें त्याच थर्सांडरचीं. म्हणजे इ. स. पू. ४८० मध्यें थर्मापिलीच्या खिंडींत पडलेला लिओनिडास हाही ईडिपसचाच वंशज! अशा घराण्यांना आपली मूळ आजी जोकास्टा कीं युरिगेनिआ, हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटला असला तर नवल काय? एका उत्तरांत कुळाच्या मुळाशीं घोर पाप. दुसऱ्यांत परक्या घरची, लग्न करून आणलेली मुलगी. अथेन्सच्या नाटककारांना या घराण्यांच्या अब्रूची काळजी कशाला असेल? पुढल्या जगानें त्यांचीच कथा उचलली, आणि युरिगेनिआ ग्रंथांच्या समासांत गेली.

स्पार्टाला हा धागा जोडणारी स्त्री म्हणजे अर्जिआ. थर्सांडरचा मुलगा टिसामेनस, त्याचा ऑटेसिऑन, आणि ऑटेसिऑनची ही मुलगी. तिला जुळे मुलगे झाले आणि थोड्याच दिवसांत तिचा नवरा आरिस्टोडेमस आजारानें वारला. थोरल्याला गादीवर बसवावयाचें, पण थोरला कोण? मुलें दिसण्यांत अगदीं सारखीं. आईला विचारलें, तर ती म्हणे, मलाही ओळखतां येत नाहीं. तिला पक्कें ठाऊक होतें, असें हिरोडोटस सांगतो; पण दोघेही राजे व्हावेत, ही तिची इच्छा. डेल्फीच्या देवानेंही कौल दिला, कीं दोघांनाही राजे करा, थोरल्याचा मान अधिक ठेवा. तरी थोरला ठरेना. अखेर पानाइटीझ नांवाच्या एका मेसेनिअन माणसानें युक्ति सुचविली : ती आधीं कोणाला न्हाऊं घालते, कोणाला आधीं पाजते, तें पाहा. पाळत ठेविली. बिचारीला याचा पत्ताच नव्हता. तिचा हात दर वेळीं एकाच मुलाकडे आधीं जाई. तो युरिस्थेनीझ, दुसरा प्रोक्लीझ. स्पार्टांत दोन राजे चालत आले, ते येथून.

पॉलिनायसीझ हा अर्जिआचा खापरपणजोबा. त्याच्या घरांत एका गादीवरून दोन भावांनीं एकमेकांचा जीव घेतला होता. हिरोडोटस हा संबंध बोलून दाखवीत नाहीं, परंतु अर्जिआची ती लबाडी वाचतांना मला त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. तिचा हेतु मात्र अर्धाच साधला. हे भाऊही जन्मभर भांडले, आणि त्यांचीं घराणींही.

युरिगेनिआची एक खूण पॉसेनिअसनें प्लाटिआ येथें पाहिली. अथीनादेवीच्या मंदिराच्या दर्शनी भागांतील भिंतीवर थीब्झवरील स्वारीचें चित्र होतें, ओनासिअस या चित्रकारानें काढलेलें. त्यांत वीरांच्या गर्दींत त्यानें युरिगेनिआही दाखविली होती, मान खालीं घातलेली, उदास. कारण तिचे मुलगे एकमेकांशीं लढत होते.