हुंडीपासून भ्रमणध्वनीपर्यंत : पैशाच्या प्रवासाचा इतिहास

पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, अशी आपली साधी समजूत असते. परंतु पेढ्यांचा आणि बँकांचा इतिहास पाहू लागले म्हणजे असे दिसून येते की, मोठी रक्कम पूर्वीही फारशी जागची हलत नसे. हलत असे तो लेख. पुण्याच्या सावकाराने लिहिलेला कागद काशीच्या पेढीवर पोचावा, तेथील मुनिमाने तो मान्य करावा, की रुपये पावले असे होई. त्या कागदाची जागा पुढे तारेने, छापील धनादेशाने, गणकयंत्राने आणि अखेर खिशातील भ्रमणध्वनीने कशी घेतली, याचा थोडक्यात आढावा ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे. आपल्यापैकी कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांची उमर बँकांच्या खातेवह्यांवर गेली आहे. त्यामुळे हा विषय आपणांस परका वाटणार नाही.

हुंडीची विद्या

हुंडीचे मुख्य प्रकार दोन. दर्शनी हुंडी दाखविताच चुकती करावयाची, मुदती हुंडी तीत लिहिलेले दिवस भरल्यावर. हुंडी गहाळ झाली तर 'पैठ' आणि तीही हरवल्यास 'परपैठ' देण्याची रीत होती. रक्कम चुकती झालेल्या हुंडीस 'खोखा' म्हणत. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारातील प्रतिष्ठित सराफावाचून कोणाच्या हाती पडत नसत. अर्थात वाटेत ती चोरीस गेली तरी चोरास तिचा उपयोग थोडाच. आकडा खोडून कोणी रक्कम वाढवू नये म्हणून ती अंकांत व अक्षरांत लिहून, शिवाय तिची निम्मी रक्कम सांगून 'त्याची दुप्पट' असेही नमूद करीत. आज ज्याला आपण सुरक्षेची तजवीज म्हणतो, ती या एका ओळीत होती. १८८१ साली परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हाही देशी भाषांतील अशा लेखांच्या स्थानिक रूढींस सरकारने सर्वसाधारणपणे हात लावला नाही.

परंतु या विद्येचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ही पत ओळखीच्या वर्तुळापुरती होती. ज्यास अक्षर येत नव्हते, त्यास कागद तारक न होता मारक होई. कर्जरोख्यात काय लिहिले आहे हे न कळता शेतकरी खाली नांगराची निशाणी करी आणि त्या निशाणीने पिढ्यान्‌पिढ्या बांधला जाई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंग्यास तोंड लागले व तो पुणे-नगर भागात पसरला, तेव्हा जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून त्यांच्या दप्तरांवर होता. रोखे हिसकावून जाळण्यात आले. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने असे ठरविले की, शेतकऱ्याने करून दिलेला दस्तऐवज गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्यावर त्याची साक्ष असावी. लिहिणारा आणि निशाणी करणारा यांच्यामध्ये तिसऱ्या माणसाची गरज आहे, हे या कायद्याने मान्य केले. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

टपाल व तार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तारायंत्र आले आणि दूरच्या बाजाराचे भाव दिवसांऐवजी तासांत कळू लागले. सामान्य माणसास मात्र खरा लाभ झाला तो टपालखात्यामुळे. १८८० साली मनिऑर्डरची सोय झाली, १८८२ साली टपाल बचत बँक निघाली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या कोकणी चाकरमान्यास घरी पैसे पाठविण्यासाठी कोणा सराफाची ओळख लागेनाशी झाली. गावचा पोस्टमन रक्कम मोजून देई, अंगठा घेई आणि पुष्कळदा फॉर्मखालच्या चार ओळी वाचूनही दाखवी. कित्येक घरांच्या चुली या चार ओळींच्या आधारावर पेटल्या. ती तार जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली.

खातेवहीचे युग व यंत्राचा प्रवेश

१९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली, १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. खेडोपाडी शाखा निघाल्या. जाडजूड खातेवह्या, पितळी बिल्ला, सहीचा नमुना ताडून पाहणारा कारकून आणि दिवसअखेर जमाखर्च जुळेपर्यंत कचेरीत जळणारा दिवा, हे त्या काळाचे चित्र होय.

यंत्र आले ते विरोधाला तोंड देतच. नोकऱ्या जातील ही कर्मचारी-संघटनांची भीती निराधार नव्हती. १९८३ साली मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार झाला व १९८४ साली रंगराजन समितीने त्याची दिशा आखून दिली. १९८७ साली मुंबईत देशातील पहिले एटीएम यंत्र बसले. समभागांच्या बाजारातही तेच घडले. १८७५ साली संघटित झालेल्या मुंबईच्या दलालांचा आरडाओरडीचा व्यवहार, १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरील व्यवहार सुरू केल्यानंतर, वर्षभरातच इतिहासजमा झाला. १९९६ च्या कायद्याने भागपत्रांचे कागदही नाहीसे होऊ लागले. व्याज काढणे, नोंदी चढविणे, बाकी जुळविणे, ही कामे ज्यांच्या हाताची शान होती, त्यांच्या डोळ्यांदेखत ती कामे गेली. तो पराभव नव्हता. परंतु एका कौशल्याचा अस्त होता, आणि त्याची नोंद कोठेतरी राहावी असे आम्हांस वाटते.

हातातील पेढी

२०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी पहिला आधार क्रमांक देण्यात आला. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआय योजनेची घोषणा झाली. तिची रचना समजण्यास कठीण नाही. देणाराची बँक एक, घेणाराची दुसरी. दोहोंमध्ये राष्ट्रीय भुगतान निगमाचे यंत्र उभे असते. देणारा आपला गुप्त अंक टाकतो, त्याची बँक तो पारखून रक्कम वजा करते, घेणाराची बँक जमा करते. हुंडी लिहिणे, दाखविणे व सकारणे या तिन्ही क्रिया येथे काही क्षणांत उरकतात. ऑगस्ट २०२३ मध्ये अशा व्यवहारांची मासिक संख्या प्रथमच १,००० कोटींवर गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती २,००० कोटींच्या पुढे गेली. भाजीवालीच्या टोपलीवर चौकटीचा छाप लागला, ही घटना आमच्या मते बँक-राष्ट्रीयीकरणाइतकीच मोठी आहे.

तथापि वेगाबरोबर धोकाही आला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोरांनी शिरकाव केला, होकार देणारी एक खोटी यंत्रणा मध्येच उभी केली आणि बनावट कार्डांच्या साह्याने अनेक देशांतून पैसे काढले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट हुंडी सकारणारा बनावट मुनीमच जणू पेढीवर येऊन बसला होता.

सामान्य घरांवर येणारे संकट याहून साधे असते. 'पैसे मिळतील, अंक टाका' असे कोणी सांगतो. कोणी पोलीस असल्याची बतावणी करून 'डिजिटल अटक' झाल्याचे भासवितो. कायद्यात अशी अटक नाही. पैसे घेण्यासाठी गुप्त अंक कधीच लागत नाही. तो टाकला म्हणजे पैसे दिले. १८७५ च्या शेतकऱ्याने न वाचलेल्या कागदावर निशाणी केली. आज शिकलेली माणसेही न वाचलेल्या पडद्यावर बोट ठेवतात. त्या वेळी सरकारने मध्ये निबंधक बसविला, पुढे पोस्टमन होता, नंतर काउंटरवरचा कारकून होता. आज ती जागा रिकामी आहे.

ती जागा घरातील तरुणांनी भरून काढावी, अशी आमची सर्व सभासद-कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे. आजी-आजोबांचा व्यवहार परस्पर उरकून टाकणे म्हणजे त्यांस मदत करणे नव्हे. त्यांच्याजवळ बसून प्रत्येक ओळ वाचून दाखवावी, आणि त्यांचा पैसा त्यांच्याच हातून खर्च होऊ द्यावा. फसवणूक झालीच तर लाजेने लपवू नये. विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. आणि ज्या वडीलधाऱ्यांनी खातेवह्यांचा काळ पाहिला, त्यांनी बाकी जुळविण्याची ती जुनी शिस्त नातवंडांना शिकवावी. महिनाअखेर खात्याचा उतारा काढून ओळीओळीने तपासण्याचे काम अजून कोणत्याही यंत्राने आपल्यावरून उतरविलेले नाही.