ठेव बुडते तेव्हा अपराधी कोण?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. परभणी जिल्ह्यातील आमच्या छोट्याशा धर्मग्रामात रविवारची मिस्सा आटोपली होती. माणसे अंगणात बोलत उभी होती. एक निवृत्त शिक्षिका मात्र देवळाच्या पायरीवर एकट्याच बसल्या होत्या. जवळ गेलो, तेव्हा त्यांनी पिशवीतून मुदत ठेवीच्या पावत्या काढल्या. ज्या पतसंस्थेच्या त्या पावत्या होत्या, तिच्या शाखेला तीन आठवड्यांपूर्वी कुलूप लागले होते. ‘‘फादर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘धाकटे दीर म्हणतात, जास्त व्याजाचा मोह तुम्हाला नडला. खरंच का हो सगळा दोष माझाच?’’

मी त्यांना धीराचे चार शब्द सांगितले. पण त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. त्या शाखेच्या उद्घाटनाला मी हजर होतो. निमंत्रणपत्रिकेवर माझे नाव छापले होते. मी प्रार्थना म्हटली, चार कौतुकाचे शब्द बोललो आणि पेढा खाऊन परतलो. संस्थेचा ताळेबंद पाहावा, असे माझ्या मनातही आले नव्हते. शिवाय बाईंच्या घरी जाऊन पैसे गोळा करणारा एजंट आमच्याच धर्मग्रामातला तरुण होता. शाखेला कुलूप लागल्यापासून त्याने मिस्सेला येणे सोडले होते.

बाईंचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. लोकांच्या ठेवी बुडण्याचे प्रसंग पूर्वीही आले असतील; तेव्हा अपराधाचा निवाडा कसा झाला, हे पाहावे म्हणून मी इतिहासाची पाने उलटली.

आमचा जिल्हा कापसाचा. आपल्या प्रांतातील बँक बुडण्याची पहिली मोठी कथाही कापसाचीच आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. रोज नव्या कंपन्या निघू लागल्या, त्यांचे शेअर चढ्या भावाने विकले जाऊ लागले. १८४० पासून चालत आलेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा सहभाग असलेली प्रतिष्ठित पेढी. तीही या शेअरांच्या तारणावर कर्जे देऊ लागली. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरांचे कागद कवडीमोल झाले. बँकेच्या भांडवलाचा मोठा भाग बुडाला आणि तिला गाशा गुंडाळावा लागला.

पुढे सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. या आयोगाने एकच बळीचा बकरा शोधला नाही. १८६३ च्या कायद्याने बँकेवरील जुनी बंधने सैल केली, हे एक कारण त्याने सांगितले. मिळालेल्या अधिकारांचा बँकेच्या सचिवांनी दुरुपयोग केला, हे दुसरे. संचालकांनी डोळ्यांवर कातडे ओढून घेतले, हे तिसरे. तो काळच विलक्षण होता, हेही त्याने नमूद केले. परंतु काळाला दोष दिला म्हणून माणसांना सोडून दिले नाही. दोषाचे असे मोजून मापून वाटप करणे आपल्याला आजही जमत नाही. आपण एक तर सगळे खापर एका माणसाच्या माथी फोडतो, नाही तर ‘सगळेच चोर’ म्हणून सर्वांना मोकळे करतो.

दुसरी कथा जवळपास शंभर वर्षांनंतरची. १९६० साली आपल्या शेजारच्या विदर्भात अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. तो धक्का विरतो न विरतो, तोच ऑगस्ट महिन्यात केरळमधील पालाई सेंट्रल बँक बंद करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने तेथील उच्च न्यायालयात धाव घेतली. १९२७ साली पाला गावी स्थापन झालेली ही बँक केरळातील एक प्रमुख बँक होती. ख्रिस्ती कुटुंबांनी उभारलेली आणि असंख्य ख्रिस्ती कुटुंबांच्या विश्वासावर वाढलेली ही संस्था. ‘आपल्या माणसांची बँक’ एवढीच तिची चौकशी लोकांनी केली होती.

त्या वेळी एक अवघड प्रश्न उभा राहिला. रिझर्व्ह बँकेचे तपासनीस या बँकेचे दप्तर कित्येक वर्षे पाहत होते आणि तिची अनेक कर्जे बुडीत असल्याचे त्यांना ठाऊक होते. मग त्यांनी लोकांना आधीच सावध का केले नाही? सावध केले असते, तर पैसे काढण्यासाठी झुंबड उडून बँक त्याच दिवशी कोसळली असती. केले नाही, म्हणून आणखी कितीतरी अजाण लोक ठेवी ठेवत राहिले. पहारेकऱ्याला ओरडणेही धोक्याचे आणि गप्प राहणेही पापाचे, असा हा पेच. तो आजही सुटलेला नाही.

पण त्या आपत्तीतून एक चांगली गोष्ट घडली. १९६१ साली ठेव विमा महामंडळाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण मिळाले. आरंभी ही मर्यादा माणशी अवघी १,५०० रुपये होती. ती वाढत वाढत १९९३ साली एक लाखावर आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांवर गेली. नंतर सहकारी बँकांनाही हे छत्र लाभले. मात्र वाचकांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी : हा विमा बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. पाटीवर ‘अर्बन’, ‘मल्टिस्टेट’ असे भारदस्त शब्द असले, आत संगणक आणि काचेच्या खिडक्या असल्या, तरी रिझर्व्ह बँकेचा परवाना नसेल तर ती बँक नव्हे. आमच्या शिक्षिका बाईंना हा फरक कोणी सांगितला नव्हता. खरे तर मलाही तो ठाऊक नव्हता.

तिसरी कथा अलीकडची. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील, असे जाहीर झाले. मुंबईच्या रस्त्यांवर वृद्ध ठेवीदार रडताना साऱ्या देशाने पाहिले. एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम बांधकाम व्यवसायातील एकाच समूहाकडे गेली होती आणि ती लपवण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक खोटी खाती दाखवली होती, असे तपासात पुढे आले. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला मात्र दहा वर्षांपर्यंतची प्रतीक्षा आली. येथे विचार करावा : एकवीस हजार खोटी खाती एक माणूस एका रात्रीत लिहीत नाही. कोणी आकडे भरले, कोणी तपासल्याची खूण केली, कोणी संचालक मंडळाच्या बैठकीत चहा पीत सही केली. प्रत्येकाने वरच्याकडे बोट दाखवले असेल.

आणि चौथी कथा आपल्या दारातली. २०२३ च्या अखेरीस बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेच्या शाखांपुढे मराठवाड्यातील ठेवीदारांच्या रांगा लागल्या. बारा ते चौदा टक्के व्याजाच्या आशेने लाखो लोकांनी तेथे पैसे ठेवले होते. प्रकरण तपास यंत्रणा आणि न्यायालयांपुढे गेले. म्हणून दोषी कोण, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण रांगेतली माणसे कोण होती, हे आपण जाणतो. कापूस विकून आलेला पैसा, निवृत्तीची रक्कम, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली पुंजी, हे त्या ठेवींचे खरे रूप होते.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळतो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आमचे प्राध्यापक सांगत, की अपराधाचे माप घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : त्या माणसाला ठाऊक होते काय? ठाऊक नसेल, तर जाणून घेणे हे त्याचे कर्तव्य होते काय? आणि त्या कृत्याचा लाभ कोणाला झाला?

या मापाने पाहू. संचालकाला ठाऊक असते किंवा असायला हवे असते. त्यासाठीच तो खुर्चीवर बसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार समितीच्या सदस्यावर संस्थेच्या निर्णयांबद्दल सामुदायिक आणि वैयक्तिक जबाबदारी असते. त्याच कायद्याचे कलम ८८ संस्थेचे नुकसान त्याच्याकडून वसूल करण्याची वाट दाखवते. बहुराज्य संस्थांचा कायदा निराळा; परंतु सदसद्विवेकबुद्धीचा कायदा राज्यांच्या सीमा पाळत नाही. ‘मी फक्त सही केली’ हे निरपराधपणाचे प्रमाणपत्र नव्हे, तो कबुलीजबाब आहे.

ठेवीदाराचे काय? दोन टक्के अधिक व्याज कोठून येते, हे त्याने विचारायला हवे होते, हे खरे. वार्षिक सभेची नोटीस न वाचता रद्दीत टाकणाऱ्या सभासदाची चूकही आहेच. पण ही चूक बेसावधपणाची आहे आणि तिची शिक्षा त्याने आपल्या घामाच्या पैशाने पुरेपूर भोगली आहे. दार उघडे ठेवून झोपणे हा निष्काळजीपणा. म्हणून घरात शिरणारा चोर साव ठरत नाही. फसलेल्याला ‘हावरट’ म्हणण्यात फसवणाऱ्याची मोठी सोय असते.

राहिलो आम्ही मधली माणसे : एजंट, फीत कापणारे पुढारी, प्रार्थना म्हणणारे धर्मगुरू. आम्हाला ठाऊक नव्हते. पण लोक आमच्या शब्दावर विसंबतात, हे ठाऊक होते. म्हणून विचारणे आमचे कर्तव्य होते, आणि ते आम्ही केले नाही. क्षमा मिळाली तरी भरपाईचे ऋण उरते, हे मी तीस वर्षे इतरांना शिकवत आलो. जक्कयाने आपला अपराध शब्दांत सांगून हात झटकले नाहीत. चौपट परत करण्याचे वचन दिले.

पुढच्या रविवारी प्रवचनाच्या वेळी मी त्या उद्घाटनातील माझा वाटा सर्वांसमोर कबूल केला. संध्याकाळी त्या तरुणाच्या घरी गेलो. त्याने स्वतःच्या आईचीही ठेव तेथेच ठेवली होती. पुष्कळ वेळ तो बोलला नाही. मग उठून त्याने फळीवरून आपल्या वह्या काढल्या. कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती पैसे घेतले, याची ओळ न ओळ त्यांत होती. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहे. त्याखाली तक्रार नोंदवताना त्या वह्यांचा फार उपयोग झाला. आमच्यापैकी बेचाळीस कुटुंबांचे अर्ज त्याने स्वतः लिहून दिले. पोलीस ठाण्यात शिक्षिका बाईंच्या शेजारच्या बाकावर तो बसला होता, आणि त्याच्या शेजारी मी.

बाईंचे पैसे अद्याप परत आलेले नाहीत. येतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण पायरीवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना उशिरा का होईना दिले : ‘‘बाई, सगळा दोष तुमचा नाही. त्यातला काही माझा आहे.’’ त्या किंचित हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मग फादर, पुढच्या वेळी फीत कापण्याआधी वही बघा.’’