रुळांवरची बोली

वऱ्हाडांत वाघीण म्हटली कीं टिपेश्वरचें रान डोळ्यांपुढें येतें. परंतु आगगाडीवर काम करणारा माणूस "दहा वाघिणी जोडल्या" असें म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत रानहि नसतें आणि डरकाळीहि नसते. कापसाच्या गाठी किंवा कोळसा भरून न्यावयाचे डबे तेवढे त्याला सांगावयाचे असतात. इंग्रजी 'वॅगन' मराठी जिभेवर आली आणि तिची वाघीण झाली. उच्चार जवळचा, शब्द घरचा, अनेकवचन आणि विभक्ति आयती मिळालेली. हें बारसें कोणा पंडितांच्या सभेंत झालें नाहीं. पंडितांनीं आगगाडीस अग्निरथ वगैरे भारदस्त नांवें सुचविलीं. स्टेशनास 'अग्निरथविरामस्थान' म्हणावें ही थट्टा तर अजून ऐकूं येते. थट्टा राहिली, शब्द राहिला नाहीं. प्लॅटफॉर्मचा फलाट करणारा हमाल मात्र भाषेला कायमची भर घालून गेला.

मुंबई ते ठाणें ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग बडनेऱ्यावरून १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. यवतमाळ मात्र बाजूलाच राहिलें. ज्या जिल्ह्यास १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत, त्याचा कापूस बैलगाड्यांतून धामणगांवच्या स्टेशनापर्यंत ओढावा लागे. पुढें किलिक निक्सन या व्यापारी पेढीनें वऱ्हाडचा कापूस डोळ्यांपुढें ठेवून १९१० सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. मूर्तिजापूर हें मधलें ठाणें. तेथून एक फांटा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला सुमारें ११३ किलोमीटर, दुसरा अचलपुरास सुमारें ७६. दोन रुळांमधलें अंतर अवघें अडीच फूट. लोकांनीं या गाडीला 'शकुंतला' म्हटलें. कंपनीच्या भारदस्त नांवापुढें हें नांव किती सुटसुटीत आणि जिव्हाळ्याचें! १९५१ सालीं मोठी कंपनी मध्य रेल्वेंत विलीन झाली, तरी या लहान मार्गाची मालकी खासगीच राहिली आणि वापराचा मोबदला सरकार कंपनीला देत राहिलें.

रुळांबरोबर शब्द आले, आणि ते किती लांबून आले हें पाहण्यासारखें आहे. खलाशी हा मूळचा समुद्रावरचा. शिडें चढविणारा, दोर ओढणारा हा माणूस बंदरांतून रेल्वेच्या कारखान्यांत आणि तेथून लाइनीवर आला. ज्या यवतमाळास समुद्राचें वारेंहि लागत नाहीं, तेथें जड सामान उचलणारा व कारागिराच्या हाताखालीं राबणारा गडी खलाशी झाला. टोळीचा मुकादम अरबींतून आला. त्याच्या टोळीच्या डोक्यावरचें घमेलें पोर्तुगीजांचें, आणि महिनाअखेर हातीं पडणारा पगारहि त्यांचाच. स्टेशनाचें टेसन, तिकिटाचें टिकस, सिग्नलचा शिंगल आणि स्लीपरचें सिलिपाट हीं मात्र इंग्रजीचीं लेंकरें. सिलिपाटांत तर शेवटीं आपला पाटच येऊन बसला आहे. लांकडाच्या जाड फळीला याहून चांगलें नांव कोणी देऊं शकला असता काय? टेसन म्हणणाऱ्या मुलाच्या हातावर मास्तर जो गोल दांडका मारीत त्यालाहि रूळच म्हणत, ही गंमत त्या मास्तरांच्या ध्यानांत आली नसावी.

परंतु या बोलीकडे केवळ गंमत म्हणून पाहणें अन्यायाचें आहे. रुळांवर शब्द चुकला तर माणूस मरतो. नियमांचें पुस्तक इंग्रजींत आणि तें पाळावयाचें अशा माणसानें, ज्याला सहीच्या जागीं अंगठा उठवावा लागे! हें अंतर बोलीनें भरून काढलें.

चावीवाला घ्या. ही चावी कुलपाची नव्हे. रूळ जागच्या जागीं घट्ट धरून ठेवणारी जी पाचर, ती चावी. गाड्यांच्या हादऱ्यांनीं ती सैल होते, म्हणून चावीवाल्यानें हातोडा घेऊन आपल्या वांट्याची लाइन रोज पायीं तपासावयाची आणि सुटलेली चावी ठोकावयाची. त्याच्याजवळ लाल झेंडी असे आणि फटाके असत. गांवांतल्या पोराला फटाका म्हणजे दिवाळी. चावीवाल्याला तो शेवटचा उपाय. रूळ तुटलेला दिसला कीं झेंडी दाखवीत धांवत जावयाचें, अरुंद मार्गावर चारशें मीटरांवर एक फटाका रुळावर बांधावयाचा आणि आठशें मीटरांवर दहा दहा मीटरांच्या अंतरानें तीन. चाकाखालीं ते फुटले कीं ड्रायव्हरनें गाडी आवरलीच पाहिजे. एवढा सगळा नियम त्या एका शब्दांत मावला होता.

'शिंगल पडला' हेंहि तसेंच. एरवीं मराठींत पडणें म्हणजे वाईटच. भिंत पडते, भाव पडतो, दुष्काळ पडतो. परंतु जुन्या खांबावरचा लांकडी किंवा पत्र्याचा हात आडवा असला कीं धोका, आणि खालीं कलला कीं मार्ग मोकळा. म्हणून शिंगल पडला कीं फलाटावर लोक गांठोडीं उचलीत. यांत एक शहाणपण होतें. हात ओढणारी तार तुटली तर तोलाच्या वजनानें तो आपोआप पुन्हां आडवा व्हावा, अशी त्याची रचना असे. बिघाड झालाच तर तो गाडी थांबविण्याच्या बाजूचा.

एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊं नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हातीं टोकन देत. पुष्कळ ठिकाणीं तें पोलादी गोळ्याच्या रूपाचें असे, म्हणून त्याचें नांव गोळा. वेताच्या कड्याला अडकविलेल्या कातडी पिशवींत तो घालून चालत्या इंजिनावर द्यावयाचा आणि मागला परत घ्यावयाचा. पुढचें स्टेशन आपल्या यंत्राची कळ दाबी, तेव्हांच इकडच्या यंत्रांतून गोळा निघे. गोळा मिळाला नाहीं तर ड्रायव्हर जागचा हलत नसे, मग गाडींत कोणीहि साहेब बसलेला असो.

इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन यांच्याबरोबर आगवाला असे. कोळसा फोडावयाचा, पुढें सारावयाचा, धगीशीं उभें राहावयाचें. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन शकुंतलेला १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढीत होतें. त्या वर्षीं डिझेल आलें आणि आगवाल्यास कामच उरलें नाहीं. पुढें गाडीहि बंद पडली.

२०२४ सालीं वर्ध्याहून कळंबपर्यंतचा नवा रुंद मार्ग सुरू झाला. अशा नव्या मार्गांवर शिंगलाचा हात पडत नाहीं, दिवा रंग बदलतो. वणीच्या बाजूला कोळशाच्या वाघिणी मात्र अजून भरतात.