पिंपरीच्या पेनिसिलिनची गोष्ट

गरोदरपणाच्या पहिल्या रक्ततपासण्यांत व्हीडीआरएल नावाची एक तपासणी असते. ती कशासाठी, हे फार कमी जणी विचारतात. ती सिफिलिससाठी असते. आईला हा आजार असेल आणि उपचार झाले नाहीत, तर मूल पोटातच दगावू शकते किंवा आजार घेऊनच जन्माला येते. त्यावरचे औषध आजही तेच जुने आहे, पेनिसिलिन. हे औषध आपल्या देशात तयार होऊ लागले, त्यामागे आई आणि बाळासाठी आलेली परदेशी मदत होती.

पेनिसिलिनचा शोध 1928 चा, पण ते मोठ्या प्रमाणावर बनू लागले दुसऱ्या महायुद्धात. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारत ते बाहेरूनच आणत होता. म्हणजे ज्यांना परवडे त्यांनाच ते मिळे. बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होऊन येणारा सूतिकाज्वर, तान्ह्या मुलांचा न्यूमोनिया, यांत हे औषध जीव वाचवत होते. खेड्यातल्या बाईपर्यंत मात्र ते पोहोचत नव्हते.

युनिसेफची स्थापना 1946 ची, युद्धात होरपळलेल्या युरोपातल्या मुलांसाठी. भारतात तिचे काम 1949 मध्ये सुरू झाले. सुरुवातीच्या मदतीत दुधाची पावडर मोठी होती. पावडर वाटली की संपते. पेनिसिलिनच्या बाबतीत मात्र वेगळा विचार झाला. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे माजी संचालक साहिब सिंग सोखी तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेत वरच्या पदावर होते, आणि औषधे देशातच, सरकारी कारखान्यात बनावीत असा त्यांचा आग्रह होता. युनिसेफने यंत्रसामग्री द्यायची, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ द्यायचे, बाकीचा खर्च भारत सरकारने करायचा असे ठरले. 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. पिंपरीकर तिला नुसते ‘एचए कंपनी’ म्हणतात.

या मदतीला एक अट होती. मिळालेल्या यंत्रांच्या बदल्यात सरकारने आई-मुलांना औषध फुकट द्यायचे. मदतीच्या इतिहासात मला ही अट फार आवडते. देणाऱ्याला पैसे परत नको होते. ते इथल्याच बाळंतिणींकडे आणि लेकरांकडे वळते करायचे होते.

त्याच काळात याच दोन संस्थांच्या मदतीने आदिवासी भागांत यॉज या त्वचेच्या आणि हाडांच्या आजाराविरुद्ध मोहीम सुरू झाली. हा आजार बहुतेक लहान मुलांना होई आणि पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होई. 2016 मध्ये भारत यॉजमुक्त जाहीर झाला.

पिंपरीचे पुढचे दिवस तितके चांगले नव्हते. 1990 नंतर चीनचा कच्चा माल इतका स्वस्त मिळू लागला की भारतातल्या कारखान्यांनी एकेक करून पेनिसिलिन बनवणे सोडले. एचए कंपनीही आजारी उद्योगांच्या यादीत गेली. आपल्या बोईसर-तारापूरला औषधांचे कितीतरी कारखाने आहेत, तरी या एका साध्या औषधाच्या मूळ मालासाठी देश वर्षानुवर्षे आयातीवर राहिला. 2014 ते 2016 या काळात बेंझाथिन पेनिसिलिनचा जगभर तुटवडा पडला, कारण त्याचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच उरल्या होत्या. आता भारतात पेनिसिलिन-जी पुन्हा बनवायला सुरुवात झाली आहे.

तुटवड्याचा फटका कुणाला बसतो? ज्यांना लहानपणी घशाच्या संसर्गानंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडल्या, त्यांना हेच बेंझाथिन दर 3 ते 4 आठवड्यांनी घ्यावे लागते. त्यांत तरुण मुली बऱ्याच असतात. झडप खराब असताना दिवस गेले तर हृदयावरचा ताण वाढतो, आणि धाप लागणे ‘गरोदरपणात होतेच’ म्हणून सोडून दिले जाते. अशी इंजेक्शने कुणाची चालू असतील तर गरोदरपणात ती स्वतःहून बंद करू नका. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर ती बाळासाठी सुरक्षित आहेत.